तुमच्या प्रोग्रामला ‘आर’ जोडताना

बेळगावातल्या उद्यमबाग, मच्छेच्या आमच्या फाउंड्रीवाल्या ग्राहकांची तपासणीची नोंद सी-शार्प किंवा जावामधल्या प्रोग्रामवर होते. हार्डनेसचा (कास्टिंगच्या कठीणपणाचा) कंट्रोल चार्ट, म्हणजे माप ठरल्या मर्यादेत आहे का ते दाखवणारा आलेख, मात्र ‘आर’ या संख्याशास्त्राच्या भाषेत तयार मिळतो, तोही फुकट. ‘तेच गणित आमच्या प्रोग्राममध्ये नव्याने लिहून द्या,’ असे काही जण म्हणतात. आम्ही ते करत नाही. अनेकांच्या हातून तपासून निघालेले सूत्र पुन्हा लिहायला घेतले की चूक शिरायला जागा होते. तुमचा प्रोग्राम आकडे पाठवतो, ‘आर’ उत्तर देते, एवढीच जोडणी पुरते.

दिवसाअखेरच्या रिपोर्टला प्रोग्रामने ‘आर-स्क्रिप्ट’, म्हणजे ‘आर’ सुरू करून एक काम उरकणारी आज्ञा, चालवली तरी भागते. प्रत्येक हीटला (भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला) लगेच उत्तर हवे असेल, तर दरवेळी ‘आर’ सुरू होण्याची वाट बघणे परवडत नाही. ‘आर’ला थेट प्रोग्रामच्या पोटात बसवता येते, पण मग ते कोसळले तर बिलिंगही बंद पडते. म्हणून आम्ही वेगळ्या लिनक्स मशीनवर ‘आर-सर्व्ह’, म्हणजे ‘आर’ला कायम तयार ठेवून नेटवर्कवरून उत्तरे देणारा सर्व्हर, चालू ठेवतो. तिथे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र जागा मिळते, एकाचे आकडे दुसऱ्यात मिसळत नाहीत. विंडोजवर ही सोय नाही. ‘आर-सर्व्ह’चे ६३११ नंबरचे पोर्ट (नेटवर्कवरून आत येण्याचे दार) कारखान्याबाहेर कधीही उघडू नका. तिथवर पोचणारा त्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो.

खरी काळजी रिकाम्या खान्याची. समजा तीन कास्टिंगपैकी दोनांचे ब्रिनेल (हार्डनेसचे माप) २१० आणि २१४ आले, तिसरे मोजायचे राहिले. सरासरी २१२. प्रोग्रामने रिकाम्या जागी शून्य पाठवले तर १४१.३ येते आणि चांगला माल नापास होतो. ‘आर’मध्ये न मोजलेल्यासाठी ‘एनए’ अशी वेगळी खूण आहे. पूर्णांकांत ती आतून -२१४७४८३६४८ अशी साठवलेली असते. जोडणीने ती ओळखली नाही तर हाच आकडा तुमच्या स्क्रीनवर हार्डनेस म्हणून उभा राहतो.

कामगारांची नावे मराठीत, कन्नडमध्ये असतील आणि ‘आर’ विंडोजवर असेल, तर २०२२ची ४.२.० किंवा त्यापुढची आवृत्तीच घ्या. तिथून यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत, नीट चालते.

काम सोपवण्याआधी तुमच्या एका महिन्याच्या जुन्या नोंदी आम्ही थेट ‘आर’मध्ये आणि तुमच्या प्रोग्राममधून, अशा दोन्हीकडून चालवून उत्तरे ताडून बघतो. त्या नोंदी आहेत तशाच द्या, रिकामे खाने भरून आणू नका.