विहिरीपासून ट्रकपर्यंत: इसेकाईची पार्श्वभूमी

'इनुयाशा'मधली कागोमे पंधराव्या वाढदिवशी घरच्या देवळाच्या आवारातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते, आणि वर येते ती थेट पाचशे वर्षांपूर्वीच्या, लढायांनी पेटलेल्या जपानात. तिथे राक्षसांशी दोन हात करायचे असतात, फुटलेल्या मण्याचे तुकडे गोळा करायचे असतात. पण शाळेत परीक्षा जवळ आली की बाईसाहेब त्याच विहिरीतून घरी येतात, अभ्यास उरकतात, पिशवीत इन्स्टंट नूडल्स भरतात आणि पुन्हा विहिरीत उडी. रुमिको ताकाहाशी यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९६ साली सुरू झाली.

त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१२ साली, 'मुशोकु तेन्सेई' या कादंबरीचा चौतीस वर्षांचा बेकार नायक ट्रकखाली येतो. तोही दुसऱ्या जगात पोचतो. पण ट्रक म्हणजे विहीर नव्हे, त्यातून परतीची फेरी नसते. आणि खरं सांगायचं तर या गड्याला परत यायचंही नाही.

आज ज्याला 'इसेकाई' म्हणतात तो प्रकार या दोन प्रवासांच्या मधल्या काळात घडला. शब्दाचा अर्थ साधा: 'इ' म्हणजे वेगळं, 'सेकाई' म्हणजे जग. मार्च २०२४ मध्ये तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशातही जाऊन बसला. परक्या जगात जाऊन पडण्याची कल्पना अर्थातच जपानची मक्तेदारी नाही. तिथल्या फार जुन्या गोष्टींपैकी एक उराशिमा तारो या कोळ्याची; तिचा उल्लेख इसवी सन ७२० मधल्या 'निहोन शोकी'त सापडतो. पुढे रूढ झालेल्या रूपात उराशिमा एका कासवाला वाचवतो, समुद्राखालच्या नागराजाच्या महालात पाहुणचार घेतो आणि घरच्या ओढीने परततो, तर किनाऱ्यावर शेकडो वर्षं उलटलेली. ओळखीचं कुणी उरलेलं नाही. भेट मिळालेली पेटी उघडतो आणि क्षणात जख्ख म्हातारा होतो. आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्या लेकीला, रेवतीला, स्थळ विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेलेला राजा ककुद्मी थोडा वेळ गाणं ऐकत थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं सरली, ही भागवतातली गोष्ट त्याच जातकुळीची. दोन्ही गोष्टींचं मर्म परत येण्यात आहे. गेलेला माणूस परततो, आणि परतण्याची किंमत मोजतो.

ॲनिमेतली, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधली, पहिली ठळक पायरी म्हणून १९८३ च्या 'ऑरा बॅटलर डनबाईन'चं नाव घेतात. 'गुंडाम' या मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी मोटारसायकलवेड्या शो झामाला बायस्टन वेल नावाच्या जगात ओढून नेलं आणि तिथे किल्ले, परी आणि किड्यांसारखे दिसणारे यंत्रमानव एकत्र आणले. मालिकेच्या उत्तरार्धात तिकडच्या फौजाच आपल्या पृथ्वीवर येऊन आदळतात. म्हणजे इथेही दार दोन्ही बाजूंनी उघडं.

नव्वदीच्या दशकात हे दार मुख्यतः मुलींसाठी उघडलं, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. १९९२ च्या 'फुशिगी युगी'त प्रवेशपरीक्षेच्या ताणाने पिचलेली मियाका ग्रंथालयातल्या एका पुस्तकात शिरते. क्लॅम्प या लेखिका-चित्रकर्तींच्या चमूच्या 'मॅजिक नाइट रेअर्थ'मध्ये शाळेच्या सहलीला टोकियो टॉवरवर आलेल्या तीन मुलींना सेफिरो जगाची राजकन्या बोलावून घेते. १९९६ च्या 'एस्काफ्लोने'तली हितोमी शाळेच्या मैदानावर धावत असते, तिथून तिचा गाया नावाच्या जगाचा प्रवास सुरू होतो. या साऱ्या मुली तिकडे प्रेम करतात, लढतात, रडतात, आणि बहुतेक वेळा घरी येतात, थोड्या मोठ्या होऊन. फुयुमी ओनो यांच्या 'बारा राज्यां'तली योको तिकडेच राहते, हे खरं. पण तिला सिंहासन आयतं मिळत नाही. उपाशी भटकणं, फसवणूक, स्वतःच्या भित्रेपणाची लाज हे सगळं भोगून ती राणी होते. कागोमेसुद्धा शेवटी त्या काळातच संसार थाटते, पण शाळेचं शिक्षण पूर्ण करून मगच. माझ्या मते या दशकाच्या तोडीच्या इसेकाई पुढे क्वचितच झाल्या.

तिकडचं जग दिसतं कसं, हे मात्र या मालिकांनी ठरवलं नाही. ते ठरवलं व्हिडिओ गेमने. मे १९८६ मध्ये एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, युजी होरी यांची रचना आणि अकिरा तोरियामा यांची चित्रं घेऊन. १९८८ ला तिसरा भाग आला तेव्हा पोरं शाळा बुडवून दुकानांपुढे रांगेत उभी होती. वीर आणि असुरराजा, लेव्हल, जादूचे मंत्र, वाटेत भेटणारा अगदी पहिला आणि सर्वांत दुबळा शत्रू म्हणजे निळा लिबलिबीत स्लाईम, हे सगळं एका अख्ख्या पिढीच्या अंगवळणी पडलं. आता लेखकाने नुसतं 'गिल्डमध्ये (साहसवीरांच्या संघात) नाव नोंदवलं' एवढं लिहिलं तरी पुरतं. वाचकाच्या डोळ्यांपुढे काउंटर, फळ्यावर लावलेली कामं आणि दारू पीत बसलेले धटिंगण आपोआप उभे राहतात. आपल्याकडे 'आटपाट नगर होतं' म्हटलं की राजा, राणी आणि नावडती वेगळी सांगावी लागत नाही, तसंच.

मग २००४ साल आलं, आणि दोन गोष्टी सुरू झाल्या. नोबोरु यामागुची यांच्या 'झेरो नो त्सुकाइमा' या लाइट नॉव्हेलमध्ये, म्हणजे तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या सचित्र कादंबरीत, साइतो नावाच्या साध्या मुलाला लुईस ही जादूगार विद्यार्थिनी चुकून आपला सेवक म्हणून बोलावून घेते. त्याच वर्षी 'शोसेत्सुका नि नारो', म्हणजे 'चला, कादंबरीकार होऊ या', हे संकेतस्थळ (थोडक्यात 'नारो') सुरू झालं. कुणीही लिहावं, कुणीही फुकट वाचावं. साइतोच्या कथेवर चाहत्यांनी इंटरनेटवर ढिगाने फॅनफिक्शन, म्हणजे मूळ कथेवर रचलेल्या आपल्या कथा, लिहिलं: साइतोच्या जागी दुसरा कुणी बोलावला गेला असता तर? कधी सैनिक, कधी दुसऱ्याच मालिकेतला नायक. परक्या जगात माणूस टाकायचा आणि गंमत बघायची, याची तालीम हजारो हौशी हातांनी इथे केली. नारोवरचा फॅनफिक्शनचा वेगळा विभाग जुलै २०१२ मध्ये बंद झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'मुशोकु तेन्सेई' आणि 'कोनोसुबा' या कथा तिथे सुरू झाल्या. एकामुळे दुसरं घडलं असा दावा मी करणार नाही, पण ज्यांच्या हाताला वळण लागलं होतं त्यांना आता स्वतःचं जग रचणं भाग होतं, एवढं नक्की.

नारोची रचनाही समजून घ्यायला हवी, कारण अर्धं कोडं तिथेच सुटतं. संपादक नाही. वाचकाने कथा बुकमार्क केली की तिला दोन गुण, वर पसंतीचे गुण वेगळे, आणि त्यावर क्रमवारी. क्रमवारीत वर असलेलं जास्त वाचलं जातं, म्हणून आणखी वर जातं. हजारो नावांच्या यादीत वाचकाला दिसतं ते फक्त शीर्षक, म्हणून शीर्षकातच सगळा ऐवज सांगून टाकायचा. 'तेन्सेई शितारा स्लाईम दात्ता केन' म्हणजे 'पुनर्जन्म झाला तर मी स्लाईम निघालो, त्याची हकिगत'. पहिल्या दोन-तीन प्रकरणांत वाचक पकडला नाही तर तो गेला. मग नायकाला घरातून उचलून तिकडे पोचवायचं कसं? पानंच्या पानं खर्चायला वेळ कुणाला आहे? रस्ता, ट्रक, अंधार, संपलं. या ट्रकला चाहत्यांनी लाडाने 'ट्रक-कुन' नाव ठेवलंय. 'कोनोसुबा'ने त्याचीही टर उडवली: नायक काझुमाला वाटतं आपण ट्रकखाली मेलो, प्रत्यक्षात समोरून हळूहळू येत असतो ट्रॅक्टर, आणि तो मरतो नुसत्या धसक्याने.

पण ट्रक ही केवळ लेखकाची सोय असती तर वाचक टिकला नसता. इथे जपानचा ताळेबंद बघावा लागतो. १९९१ च्या सुमारास तिथला मालमत्तेचा फुगा फुटला. जपानी कंपन्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांना एकाच हंगामात घाऊक भरती करतात. तो हंगाम हुकला की कायमच्या नोकरीची गाडी बहुतेक चुकलीच. १९९३ ते २००५ च्या आसपास पदवी घेतलेल्यांचा हा काळ 'नोकऱ्यांचं हिमयुग' म्हणून ओळखला जातो. आता हिशोब करा. २०१२ साली चौतीस वर्षांचा माणूस १९७८ चा. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे २००० साली, तो ऐन हिमयुगात नोकरी शोधत असणार. स्लाईम होणारा सातोरु मिकामी सदतीस वर्षांचा. 'मुशोकु तेन्सेई'चा नायक कॉलेजपर्यंत पोचलाच नाही, शाळेतल्या छळामुळे त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. पण त्याला वाचणाऱ्यांत त्याच्या वयाचे पुष्कळ होते. ही पुस्तकं शाळकरी मुलांच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या आवृत्तीऐवजी मोठ्या आकारात, चढ्या किमतीला निघू लागली, यावरून प्रकाशकांनीही गिऱ्हाईक बरोबर ओळखलं होतं. २०१९ साली जपान सरकारच्या पाहणीने ४० ते ६४ वयाच्या, घरात कोंडून घेतलेल्या लोकांची संख्या अंदाजे ६ लाख १३ हजार सांगितली.

अशा वाचकाला मियाकासारखं परीक्षेला परत जायचं नसतं. त्याला पाटी पुसून हवी असते. आपल्याकडे, आणि बौद्ध जपानातही, पुनर्जन्म हा चुकवायचा फेरा; इथे तो बक्षीस झाला, तेही मागच्या जन्मातलं सगळं डोकं शाबूत ठेवून. मिकामी मरताना सहकाऱ्याला शेवटची विनंती काय करतो, तर माझ्या कॉम्प्युटरमधलं सगळं नष्ट कर. हसू येतं, पण एकट्या माणसाची मागे उरणारी मिळकत तेवढीच, हेही कळतं.

पुढचा पसारा झटपट वाढला. २०१६ साली 'री:झीरो' आणि 'कोनोसुबा' पडद्यावर आल्या, २०१८ ला स्लाईम. नायिका जाळं विणणारी कोळी झाली, नायक तलवार झाला, २०२३ च्या एका मालिकेत तर शीतपेयं विकणारं मशीन झाला. बायकांनी लिहिलेल्या-वाचलेल्या शाखेत गेममधल्या खलनायिकेचा जन्म मिळालेली कातारिना हद्दपार व्हावं लागलं तर पोटापाण्याची सोय असावी म्हणून महालाच्या बागेत भाजीपाला लावते. मिया काझुकी यांची पुस्तकवेडी माइन पुस्तकं नसलेल्या घरात जन्मते आणि शाई-कागदापासून सुरुवात करते. या गर्दीत मला सर्वांत आवडते ती हीच, कारण तिला काहीही फुकट मिळत नाही. बाकी बऱ्याच कथा एका साच्याच्या, हे चाहतेही मान्य करतात. २०१६ मध्ये नारोने परक्या जगात जाण्याच्या आणि जन्मण्याच्या कथांची क्रमवारीच वेगळी काढली, बाकीच्यांना जरा उजेड मिळावा म्हणून. त्याच वर्षी नारोबरोबर झालेल्या एका लघुकथा स्पर्धेत इसेकाईला सरळ बंदी होती.

अलीकडे परतणारेही दिसू लागले आहेत. 'इसेकाई ओजिसान'मधला काका २००० साली, सतराव्या वर्षी, ट्रकखाली आला होता. सतरा वर्षं तिकडे काढून तो २०१७ मध्ये इस्पितळाच्या खाटेवर जागा होतो. आईवडील, घर, मित्र यांपैकी कशाबद्दलही विचारण्याआधी भेटायला आलेल्या तरुण नातलगाला तो विचारतो, गेम कंपन्यांच्या लढाईत शेवटी कोण जिंकलं? त्याच्या लाडक्या सेगा कंपनीने कन्सोल, म्हणजे गेमची यंत्रं, बनवणं कधीच बंद केलं, असं उत्तर मिळतं. आणि मग हा उराशिमा ढसाढसा रडतो.