तांग दरबारातील शंकूची सावली

चीनचा सुवर्णकाळ म्हटला की तांग राजवटीतील कविता, रेशीम आणि छांगआन नगरीचे वैभव यांचीच वर्णने आपल्यापुढे येतात. सम्राट श्वानत्सुंगच्या काइयुआन पर्वात, म्हणजे इ.स. ७१३ ते ७४१ या काळात, पार पडलेली एक वैज्ञानिक मोहीम मात्र क्वचितच कोणाला आठवते. तिच्यासाठी मुख्यतः आठ चिनी फूट उंचीचा शंकू, म्हणजे सावली मोजण्यासाठी उभा रोवलेला खांब, पुरेसा होता. अट एवढीच, की तो बैकाल सरोवराच्या परिसरापासून मध्य व्हिएतनामपर्यंत ठिकठिकाणी रोवता आला पाहिजे.

या मोहिमेचे मूळ पंचांगात होते. सम्राट हा स्वर्गाचा पुत्र मानला जात असल्यामुळे त्याच्या पंचांगाने न वर्तवलेले ग्रहण ही राज्यसत्तेची नामुष्की ठरे. ६६५ पासून चालत आलेल्या पंचांगाची ग्रहणे चुकू लागली, तेव्हा ७२१ मध्ये सम्राटाने यी-शिंग या बौद्ध भिक्षूवर नव्या पंचांगाचे काम सोपवले. हाच यी-शिंग भारतातून आलेल्या शुभाकरसिंह या आचार्यांना तांत्रिक बौद्ध ग्रंथाच्या भाषांतरात साहाय्य करीत होता.

उत्तर-दक्षिण दिशेने एक हजार ली (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) अंतर गेले की शंकूची माध्यान्ह सावली एक त्सुन, म्हणजे एक चिनी इंच, बदलते, असा एक जुना नियम शतकानुशतके प्रमाण मानला गेला होता. ७२४ मध्ये यी-शिंगच्या योजनेनुसार नानगुंग य्वे या अधिकाऱ्याने आजच्या हनान प्रांतातील सपाट प्रदेशात चार ठिकाणे निवडली, त्यांमधील अंतरे जमिनीवर मोजली आणि प्रत्येक ठिकाणी सावली व आकाशातील उत्तर ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची नोंदवली. दोन टोकांमधील अंतर भरले ५२६ ली २७० पावले आणि उत्तरायणाच्या अखेरच्या दिवशीच्या सावल्यांत फरक पडला दोन त्सुनांहून थोडा अधिक. जुना नियम खरा असता, तर त्यासाठी दोन हजार लींहून जास्त अंतर लागले असते. शिवाय सावलीतील हा बदल सर्वत्र सारखा नसतो, हेही दूरच्या ठिकाणांवरील नोंदींतून दिसले. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलण्यास मात्र ३५१ ली ८० पावले लागतात, असे गणित निघाले. (चिनी वर्तुळाचे अंश ३६० नव्हे, तर सूर्याच्या वार्षिक भ्रमणाला धरून ३६५ हून थोडे अधिक होते.)

आजच्या भाषेत हे रेखावृत्ताच्या कंसाचे मापन होय, आणि बगदादच्या खलिफा अल-मामूनने करवून घेतलेल्या तशाच मापनाच्या ते सुमारे शंभर वर्षे आधीचे आहे. तरीही यी-शिंगने त्यावरून पृथ्वी गोल असल्याचा निष्कर्ष काढला नाही. त्याला हवे होते ते पंचांग, आणि पृथ्वीचा आकार न ठरवताही ते साधत होते.

त्याच दरबारात गौतम सिद्ध हा छांगआनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय घराण्यातील ज्योतिषी उच्च पदावर होता. ७१८ मध्ये त्याने नवग्रहांच्या नावाने ओळखले जाणारे भारतीय गणित चिनी भाषेत आणले. त्यात ३६० अंशांचे वर्तुळ, ‘ज्या’ (साइन) या कोनीय गुणोत्तराचे कोष्टक आणि शून्यासाठी टिंब होते. यी-शिंग ७२७ मध्ये वारला व त्याचे पंचांग ७२९ मध्ये लागू झाले. पुढे ७३३ मध्ये सिद्धाचा मुलगा गौतम झ्वान याने ते भारतीय पद्धतीवरून उचलले असून तेही अपुरे असल्याची तक्रार केली. गंमत म्हणजे, स्वतः सावल्या मोजणारा नानगुंग य्वेदेखील टीकाकारांत सामील झाला. वेधशाळेतील नोंदींशी तिन्ही पद्धती ताडून पाहण्यात आल्या, तेव्हा यी-शिंगचे पंचांग दहापैकी सात-आठ वेळा, जुने तीन-चार वेळा आणि भारतीय पद्धत एक-दोन वेळाच बरोबर आली. वाद मिटवण्याची ही रीत मला त्या मोहिमेइतकीच मोलाची वाटते.

सिद्धाचे टिंब चिनी गणितींनी स्वीकारले नाही. तेथे आकडेमोडीच्या काड्यांच्या पटावर रिकामी जागा सोडली की काम भागत असे. त्याचा ग्रंथही पुढे विस्मृतीत गेला आणि १६१६ मध्ये एका जुन्या बुद्धमूर्तीच्या पोटात सापडला, असे सांगतात.