धुराचं वय

"आठशे कोटी माणसं रातंदिस कार्बन डायऑक्साइड सोडत्यात, मग धरती तापणार न्हाई तर काय हुईल?" कराडजवळच्या एका गुऱ्हाळावर गुळव्यानं मला विचारलं. काहिलीत रस उकळत होता, जाळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता, धुराड्यातून काळा लोट निघत होता. माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे खरंच आहे. गडबड आहे ती जमाखर्चात.

श्वासातला कार्बन येतो भाकरीतून, आणि ज्वारीनं तो गेल्या हंगामात हवेतूनच ओढलेला असतो. चिपाडाचंही तेच. आडसाली ऊस रानात दीडेक वर्षं उभा राहतो. हवेकडून घेतलेली उसनवारी चुलवाणातून फिटते. बाहेर उभ्या ट्रॅक्टरचा धूर मात्र दिसायला विरळ, पण त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. ही हवेत नवी भर. हा वायू जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतो, हे शाळेत झालेलंच असतं.

पण एकदा हवेत मिसळल्यावर चिपाडाचा कार्बन कुठला नि डिझेलचा कुठला, हे कसं कळणार? मला या विषयाचं वेड लागलं ते इथंच. वैश्विक किरणांमुळे, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे, वातावरणात सुटे झालेले न्यूट्रॉन नायट्रोजनवर आदळतात आणि कार्बन-१४ हा कार्बनचा जड प्रकार तयार होतो. अगदी दुर्मीळ: कार्बनच्या सुमारे १ लाख कोटी अणूंत एखादा. तो किरणोत्सारी असल्यानं दर ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो. उसात तो आहे, गुळात आहे, तुमच्याआमच्या हाडांत आहे. कोळशात आणि डिझेलमध्ये केव्हाच संपलाय. म्हणजे खनिज इंधन जितकं जाळाल, तितकं हवेतल्या कार्बन-१४चं प्रमाण पातळ होणार, दुधात पाणी घालावं तसं. १९५०च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांना झाडांच्या लाकडात नेमकं हेच दिसलं. पुढे अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ची एवढी भर घातली की हिशेब काही काळ अवघड होऊन बसला.

'हा सगळा ज्वालामुखींचा उद्योग' असंही मोबाइलवर फिरत असतं. ज्वालामुखीच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, त्यामुळे शंका रास्त. तिथं कामाला येतो कार्बन-१३, कार्बनचा आणखी एक प्रकार, पण स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेला. वनस्पती हलका कार्बन-१२ जास्त पसंत करतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशातही १३ कमी. हवेतलं १३चं प्रमाण घटतंय. ज्वालामुखींमुळे ते घटलं नसतं. ऊस मात्र ही निवड फारशी काटेकोरपणे करत नाही. त्यामुळेच महाबळेश्वरच्या मधात कुणी उसाची साखर मिसळली, तर कार्बन-१३च्या मापनातून पकडता येते!

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर १० लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. १९५८मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं मोजायला सुरुवात झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते, आता ४२०च्या वर गेलेत. आपण सोडतो त्यातला जवळपास निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात म्हणून, नाहीतर आकडा आणखी फुगला असता.

"म्हंजे आमचं चुलवाण सुटलं," गुळव्या म्हणाला. "मग रानात पाचट पेटवलं तरी चालतंय की!"

कार्बनच्या हिशेबात ते चिपाडासारखंच. पण पाचट कुजून जमिनीत मुरणारा सेंद्रिय अंश त्या आगीत जातो, आणि काजळी शेजारच्या वस्तीच्या छातीत.