कर्करोगजन्य कॅकेक्सिया

कर्करोगाच्या रुग्णाचे स्नायू सतत झिजत जाणे, त्याबरोबर बहुधा चरबीही घटणे आणि नेहमीच्या पोषक आहाराने ही झीज पूर्णपणे भरून न येणे, अशी ही अवस्था आहे. उपासमारीत शरीर मुख्यतः चरबी वापरून स्नायू बऱ्याच अंशी राखते. कॅकेक्सियात मात्र दाह व बिघडलेला चयापचय यांमुळे स्नायूंतील प्रथिनांचे विघटन लवकर सुरू होते. स्वादुपिंड, जठर, अन्ननलिका व फुप्फुस यांच्या कर्करोगांत ती विशेष आढळते.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन घटणे हा मुख्य निकष होय. देहभार निर्देशांक (बीएमआय) 20 पेक्षा कमी असल्यास किंवा स्नायूंचे प्रमाण आधीच घटलेले असल्यास 2 टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी मानतात. लठ्ठपणा किंवा जलोदर असल्यास केवळ वजनकाटा फसवा ठरतो, म्हणून संशोधनात तिसऱ्या कटिमणक्याच्या पातळीवरील सीटी स्कॅनवरून स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात.

ही झीज नेमकी कशामुळे होते, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी यांच्या गटाने ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या संसर्गाने खंगणाऱ्या सशांच्या अभ्यासातून सुरुवात करून ‘कॅकेक्टिन’ हे प्रथिन वेगळे केले. ते आणि 1975 मध्ये वर्णिलेला, गाठींच्या पेशी मारणारा ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर एकच असल्याचे 1985 च्या सुमारास स्पष्ट झाले. उत्तर सापडले असे तेव्हा अनेकांना वाटले, परंतु हे प्रथिन रोखणाऱ्या औषधांनी कर्करोगाच्या रुग्णांत अपेक्षित लाभ दिला नाही. 1996 मध्ये ब्रिटनमधील अ‍ॅस्टन विद्यापीठाच्या मायकेल टिसडेल यांच्या गटाने, गाठीतूनच स्रवणारा आणि स्नायूंतील प्रथिने तोडणारा घटक वर्णिला. माणसातील त्याचे महत्त्व मात्र सर्वमान्य झाले नाही. 2001 मध्ये स्नायूंतील प्रथिनांवर विघटनाची खूण करणारी अ‍ॅट्रोजिन-1 व मर्फ-1 ही विकरे ओळखली गेली. 2010 मध्ये उंदरांत अ‍ॅक्टिव्हिन ग्राही (स्नायू झिजवणारे संदेश स्वीकारणारे प्रथिन) रोखल्यावर गाठीची वाढ तशीच राहूनही स्नायू परतले आणि उंदीर अधिक काळ जगले. त्यामुळे एकाच ‘विषा’चा शोध घेण्यापेक्षा गाठीला शरीर देत असलेल्या प्रतिसादाचा विचार करणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

अलीकडे लक्ष भूक मंदावणाऱ्या जीडीएफ-15 या प्रथिनाकडे वळले आहे. मेंदूच्या मागील भागातील त्याचा ग्राही 2017 मध्ये निश्चित झाला. हे प्रथिन वाढलेल्या 187 रुग्णांवर, ते रोखणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तिच्या 2024 मधील निष्कर्षांनुसार सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचे वजन 12 आठवड्यांनी प्लासिबो (औषधाविना दिखाऊ मात्रा) घेणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे 5.6 टक्क्यांनी सरस होते.

वजन वाढले म्हणजे शक्ती परतली, असे मात्र नाही. जपानने 2021 मध्ये मान्य केलेल्या अ‍ॅनामोरेलिन या औषधाने मोठ्या चाचण्यांत चरबीविरहित देहभार वाढवला, पण हाताच्या पकडीचे बळ वाढले नाही. रुग्णाला उठता-चालता येणे यालाच उपचाराची खरी कसोटी मानले पाहिजे.

भारतात पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अल्प मात्रेतील ओलान्झापिन या जुन्या, स्वस्त औषधाने केमोथेरपी घेणाऱ्यांची भूक व वजन वाढल्याचे दिसले. तीत जठर, फुप्फुस आणि यकृत-स्वादुपिंड यांच्या कर्करोगांचे रुग्ण होते. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या तोंडाच्या व घशाच्या कर्करोगांत घास गिळणेच अवघड होत असल्याने उपासमार आणि कॅकेक्सिया यांत भेद करणे कठीण जाते.