स्थानिक समिती (कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ)

‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३’ या कायद्याखाली प्रत्येक जिल्ह्यात नेमायची चौकशी समिती. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर मालकाने स्वतःची अंतर्गत समिती नेमायची असते. माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर बाईने स्थानिक समितीकडे जायचे. घरकाम करणारी, छोट्या दवाखान्यातली मदतनीस, कापडाच्या दुकानातली विक्रेती, वकिलाच्या कार्यालयातली टंकलेखिका यांच्यापुरता हा कायदा म्हणजे हीच समिती. चर्चा मात्र बहुतेक वेळा कंपन्यांतल्या अंतर्गत समित्यांचीच होते.

या कायद्याची सुरुवात राजस्थानातल्या भटेरी गावापासून होते. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवी यांनी १९९२ मध्ये एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. कनिष्ठ न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘विशाखा’ निकाल आला आणि तक्रार समित्या बंधनकारक झाल्या. त्या कागदावरच राहिल्या, तेव्हा पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिले. त्याचीच याचिका झाली आणि तिचा अंतिम निकाल ऑक्टोबर २०१२ मध्ये लागला. कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

जिल्हाधिकारी, अपर किंवा उपजिल्हाधिकारी यांपैकी एकाला शासन ‘जिल्हा अधिकारी’ म्हणून अधिसूचित करते आणि तो समिती नेमतो. अध्यक्षपदी सामाजिक कार्यातली महिला असते. सदस्यांमध्ये तालुक्यात किंवा प्रभागात नोकरी करणारी एक महिला आणि स्वयंसेवी संस्थांतले दोघे जण असतात. महिला व बालविकास किंवा समाजकल्याणचा अधिकारी पदसिद्ध असतो. अध्यक्षांना कामकाजाच्या दिवसाला २५० रुपये आणि स्वयंसेवी संस्थांतल्या सदस्यांना २०० रुपये भत्ता, शिवाय प्रवासखर्च, असे २०१३ चे नियम सांगतात. दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असलेल्या समितीची शासनाने केलेली ही किंमत बोलकी आहे.

तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यात मदत करणे समितीवर बंधनकारक आहे. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी स्वीकारायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) आलेली तक्रार त्याने सात दिवसांत पुढे पाठवायची असते. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच, आणि पैशांच्या बदल्यात तर मुळीच नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. वकील कोणत्याच बाजूला उभा राहू शकत नाही. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा किंवा बदली मिळावी, अशी शिफारस समिती करू शकते. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. ही तरतूद कायद्यात स्पष्ट आहे, तरी धमकी नेमकी याच मुद्द्यावर दिली जाते.

घरकामगारांचा प्रश्न मात्र याने पुरता सुटत नाही. राहते घर हे कायद्याने कामाचे ठिकाण आहे, पण तिथे ना सेवानियम, ना वरिष्ठ. त्यामुळे समेट झाला नाही आणि तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसले, तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची, अशी वाट कायद्याने दिली आहे. थकलेला पगार मिळावा आणि त्याच सोसायटीतली बाकीची कामे टिकावीत, एवढेच जिला हवे आहे, तिला ही वाट परवडत नाही.

ऊसतोडीत अडचण आणखी वेगळी. मुकादम (मजुरांची टोळी पुरवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, व्यवहार बहुधा नवऱ्याच्या नावावर. कंत्राटदारामार्फत लावलेली, मूळ मालकाला माहीत नसलेली कामगारही या कायद्यात ‘कर्मचारी’ धरली जाते, म्हणजे हक्क आहे. पण समितीची हद्द तिच्या जिल्ह्यापुरती. बीडची बाई कोल्हापूरच्या फडात असताना काही घडले, तर तक्रार कोल्हापुरात द्यायची. उचल फिटेपर्यंत मुकादमाविरुद्ध बोलणे अवघड, आणि हंगाम संपवून ती गावी परतते तोवर तीन महिन्यांची मुदत अनेकदा उलटलेली असते. मुदतवाढीची तरतूद अशा वेळी उपयोगी पडावी. त्यासाठी ती तिला कोणी तरी सांगायला हवी.

समित्या आहेत कुठे, हाच प्रश्न न्यायालयापुढेही आला. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये घाईने उरकलेल्या चौकशीवरची बडतर्फी रद्द केली, प्रकरण विद्यापीठाच्या समितीकडे परत पाठवले आणि अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवले. त्याच प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी राज्यांना मुदती घालून देण्यात आल्या: जिल्हा अधिकारी ३१ डिसेंबरपर्यंत, स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत. कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षे होत आली होती.