३ आणि ६ यांची कट्टी

दसऱ्याला पाटीपूजनासाठी एकच्या आकड्यांची सरस्वती काढून झाली. उरलेल्या जागेत माझ्या सव्वाचार वर्षांच्या भाचीने आपलं अंकज्ञान मांडलं: १, २, ६, ४, ५, ३. तोंडाने मात्र चोख, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा!" बालवर्गाच्या वहीतही तिचं हेच चालतं, शेजारी लाल फुली. आजी म्हणाली, "डावखुरी निघतेय की काय?" मावशीने संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला: उलटी अक्षरं म्हणजे डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीची खूण, ताबडतोब तपासून घ्या.

दोन्ही चूक. उजव्या हाताने लिहिणारी मुलंही असं सर्रास लिहितात, आणि बहुतेकांचं ते सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप जातं. खरं तर ही चूक होते ती मेंदू एक काम फार उत्तम करतो म्हणून.

वाघ डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, वाघच. कपाचा कान कुठल्याही बाजूला असो, कप तोच. निसर्गात डाव्या-उजव्याने वस्तू बदलत नाही, म्हणून आपली नजर एखादा आकार आणि त्याचं आरशातलं रूप एकच धरते. माकडांच्या मेंदूत, कानशिलामागच्या खालच्या भागात, वस्तू ओळखणाऱ्या पेशी आहेत. आकार डावा-उजवा उलटवला तर त्यांचा प्रतिसाद बराचसा तसाच राहतो. वरचा खाली केला की तो जास्त बदलतो.

आता गोची अशी की लेखनाला जेमतेम पाच हजार वर्षं झालीत. एवढ्यात वाचनासाठी मेंदूत नवा अवयव उगवणं शक्य नाही. मग वाचायला शिकताना मेंदू जुनीच जागा कामाला लावतो: डाव्या बाजूला तळाशी, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांच्या शेजारची. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास दहान याला पेशींचा पुनर्वापर म्हणतात. जागेबरोबर तिची जुनी खोडही येते. म्हणजे वाचायला शिकणं हे थोडं विसरणंही आहे. दहान यांच्या गटाला मोठ्या वाचकांत जे दिसलं ते मला फार आवडतं: मेंदूचा तोच भाग चित्र उलटवलं तर 'तेच' म्हणतो, आणि शब्द उलटवला तर 'वेगळा'.

किती विसरायचं हे लिपीवर ठरतं. रोमन लिपीत धाकटा 'बी' (b) आणि धाकटा 'डी' (d) ही अस्सल आरशातली जोडी. तमिळ लिपीत अशी जोडी नाही. फक्त तमिळ वाचणाऱ्या लोकांना आकृत्या दाखवल्या तेव्हा आरशातली आकृती वेगळी काढायला ते निरक्षरांइतकेच अडखळले. ज्यांना रोमन लिपीही येत होती ते कमी. आपल्या मुळाक्षरांतही घ-ध, भ-म असे घोळ आहेत, पण ते गाठींचे आणि रेघांचे. आरशाचा घोळ आहे तो आकड्यांत. ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसले की ३६. मराठीने त्यावर वाक्प्रचारच करून ठेवलाय.

डोळ्याला ३ आणि ६ सारखे वाटले तरी हाताला नाही. हात कुठून निघाला, कुठे वळला, ही आठवण वेगळी राहते. माँटेसरींची खरखरीत अक्षरं, आपली जुनी धूळपाटी, दोन्हींत बोट फिरतं. खरखरीत पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर ३ चिकटवा, ताटात रवा पसरून बोटाने ६ काढू द्या, कणकेची वळी वळून आकडा करू द्या. ठिपक्यांवर गिरवणं त्या मानाने फिकं. अमेरिकेत २०१२ साली, अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग झाला. स्वतः हाताने अक्षर काढल्यावर मेंदूतला वाचनाचा भाग जसा जागा झाला, तसा टायपिंगने किंवा गिरवण्याने झाला नाही. वाकडं आलं तर येऊ द्या.

बाजारातली सुटी फोमची अक्षरं मात्र जपून. ती पालथी पडतात आणि मूल पालथंच अक्षर पाठ करतं. मागच्या बाजूला सगळ्यांना एकच भडक रंग फासा. (डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे 'मिडब्रेन'चे महागडे क्लास लावण्यापेक्षा हा रंग स्वस्त पडतो. पट्टीच्या फटीतून मुलं खाली बघतात, एवढंच त्यातलं विज्ञान.)

भाचीसाठी मी एक खेळ केला. पत्त्याएवढ्या दोन पुठ्ठ्यांवर ३ आणि ६. शेजारी ठेवून ३६ झाले की 'कट्टी', जागा बदलून ६३ झाले की समोरासमोर, 'बट्टी'. मी कार्डं लावायची, तिने ओरडायचं, मग तोच आकडा हवेत हाताने काढायचा. पाच मिनिटं, दुपारच्या झोपेआधी. झोपेचं मुद्दाम, कारण ब्राझीलमधल्या पहिलीच्या मुलांवरचा २०२१चा अभ्यास सांगतो की आरशातली अक्षरं वेगळी करायचा सराव त्यानंतर झोप मिळाली तर जास्त टिकतो.

परवा तिने ३ बरोबर काढला. ५ उलटा आलाय.