राष्ट्रीय अनुकूलन योजना

हवामान बदलाचे जे परिणाम आता टळणार नाहीत, त्यांना तोंड देण्यासाठी एखाद्या देशाने शेती, पाणी, आरोग्य, किनारे आणि वस्त्या यांची केलेली दूरच्या पल्ल्याची आखणी. उत्सर्जन घटवण्याच्या योजनांपासून ही वेगळी. तिची निकड ज्यांना सर्वाधिक, त्या गरीब देशांचा जागतिक उत्सर्जनातला वाटा अगदी थोडा आहे. त्यामुळे तिचा खर्च कोणी उचलायचा, हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे.

२००१ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत सर्वांत कमी विकसित देशांसाठी अनुकूलन कृती कार्यक्रम ठरले आणि त्यांच्याकरिता स्वतंत्र निधी उभा राहिला. तातडीची कामे हेरून त्यांची यादी करायची, एवढाच या कार्यक्रमांचा आवाका. भूतानने अशा यादीतून थोरथोर्मी हे हिमसरोवर हाती घेतले. १९९४ मध्ये त्याच भागातले लुग्ये सरोवर फुटून खालच्या पुनाखा खोऱ्यात माणसे दगावली होती. अवजड यंत्रे नेणे शक्य नव्हते, म्हणून मजुरांनी कुदळ-फावड्यांनी वाट खोदून पाण्याची पातळी सुमारे ५ मीटर खाली आणली.

पण यादी म्हणजे नियोजन नव्हे. २०१० मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनच्या हवामान परिषदेत राष्ट्रीय अनुकूलन योजनांची प्रक्रिया सुरू झाली. धोका कुठे आणि कोणाला, हे आधी तपासायचे, मग अर्थसंकल्पात आणि प्रत्येक खात्याच्या कामात त्याचा विचार मुरवायचा, आणि ठरावीक काळाने योजना पुन्हा उघडून पाहायची. २०१५ च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमाने अनुकूलनाला जागतिक उद्दिष्टाचा दर्जा दिला. विकसनशील देशांना हवामानविषयक कामांसाठी पैसा पुरवणारा आंतरराष्ट्रीय ‘हरित हवामान निधी’ अशी योजना आखण्यासाठी एका देशाला ३० लाख डॉलरपर्यंत मदत देतो. आखणीला पैसा मिळतो, अंमलबजावणी मात्र अडते. बांगलादेशाने २०५० पर्यंतच्या आपल्या योजनेचा खर्च सुमारे २३० अब्ज डॉलर धरला आहे.

पैसा खालपर्यंत पोहोचतो का, हेही पाहावे लागते. नेपाळने किमान ८० टक्के निधी स्थानिक पातळीवर खर्च करण्याचे धोरण ठरवले आणि २०११ मध्ये गावपातळीच्या योजनांचा आराखडा आणला.

चुकीचे अनुकूलन नव्या संकटाला जन्म देते. बांगलादेशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर १९६० च्या दशकात खारे पाणी अडवायला बांध घातले गेले. भरतीचा गाळ शेतांवर पसरायचा थांबला आणि नद्यांच्या पात्रांत साचू लागला; पात्रे उथळ झाली, पावसाचे पाणी बांधाआतच तुंबू लागले. शेवटी १९९० च्या दशकात खुलना-जेसोर भागातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच बांध कापून भरती आत घेतली. गाळाने जमीन उंचावली, नदी खोल झाली. अभियंत्यांनी आधी या उपायाला विरोध केला होता; पुढे तो सरकारी कामात आला.